निवडून आलो, पण पंचायतीत चालतं कोणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यातली 9 सदस्यांची ग्रामपंचायत, विचारणारा भाऊ पहिल्यांदाच सदस्य झालाय, सरपंच थेट जनतेतून निवडून आलेला आणि तो दुसऱ्या पॅनलचा, सदस्यांमध्ये मात्र याच्या पॅनलचे 5. तरी नाली कोणत्या गल्लीत होणार, कोण करणार हे यांना गिट्टी पडल्यावर कळतं. सचिवाला, म्हणजे ग्रामसेवकाला, विचारलं की "फंड नाही", आणि रजिस्टर उघडून पाहिलं तर त्या नालीच्या ठरावाखाली यांच्याच सह्या. मग सदस्याला अधिकार काय, आणि अविश्वास आणावा का?

मी ग्रामसेवक म्हणून लागलो आणि विस्तार अधिकारी (पंचायत) म्हणून रिटायर झालो, सगळी नोकरी वऱ्हाडातच गेली, त्यामुळं तुमचा प्रश्न वाचून काही नवीन वाटलं नाही. तुमच्यासारखे 5 जण दर दुसऱ्या गावात आहेत.

पहिले ते अविश्वासाचं डोक्यातून काढून टाका. थेट सरपंच हा प्रकार 2017 ला आला, 2020 ला गेला, 2022 ला परत आला, आणि सोबत त्याचं संरक्षणही आलं. अशा सरपंचावर पहिली 2 वर्षं अविश्वास आणता येत नाही, मुदत संपायच्या आधीच्या 6 महिन्यांतही नाही, आणि मधात आणला तर सभेत तीन-चतुर्थांश मतं लागतात, तेवढ्यावरही भागत नाही, विशेष ग्रामसभेत गावाने गुप्त मतदान करून तो मंजूर करावा लागतो. म्हणजे ज्या गावानं त्याला निवडून दिलं त्याच गावाला जाऊन सांगा की काढा. आता तुमचं गणित पाहा. तुम्ही म्हणता आमचे 5 म्हणजे बहुमत. सरपंच पदसिद्ध सदस्य असतो, त्याला मत असतं, म्हणजे सभेत मतं 10. तुमचे 5, त्यांचे 4 आणि सरपंच मिळून 5, आणि समान मतं पडली की अध्यक्ष म्हणून निर्णायक मत पुन्हा सरपंचाचंच. तुमच्याकडं बहुमत नाहीच बावा, तुमच्याकडं आहे तो बरोबरीचा आकडा, आणि तो फक्त तुमचे 5 च्या 5 सभेत हजर असले तरच कामाचा.

दुसरी गोष्ट कडू लागेल पण ऐका. एकट्या सदस्याला कायद्यानं जवळपास शून्य अधिकार आहे. तुम्ही चपराशाला ऑर्डर देऊ शकत नाही, काम बंद पाडू शकत नाही, नळाचा कॉक फिरवायला लावू शकत नाही. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमात अंमलबजावणीचा अधिकार सरपंचाकडं आहे आणि दप्तर सचिवाकडं. पण सरपंचालासुद्धा स्वतःच्या मनानं खर्च करता येत नाही, त्याला अंमल करायचा असतो तो ठरावाचा, आणि ठराव करते ती मासिक सभा. म्हणजे जे काय आहे ते त्या महिन्यातून एकदा होणाऱ्या दोन तासांत आहे. आणि आपले लोक तेच दोन तास सोडून बाकी महिनाभर पानठेल्यावर राजकारण करतात.

मासिक सभा दर महिन्याला घेणं सरपंचावर बंधनकारक आहे, सभेच्या 3 पूर्ण दिवस आधी नोटीस तुमच्या हातात पडली पाहिजे आणि नोटिशीवर विषय लिहिलेले पाहिजे. बऱ्याच गावांत होतं काय, चपराशी नोटीस बुक घेऊन त्याच दिवशी सकाळी येतो, तुम्ही वावरात निघालेले, तो म्हणतो "भाऊ, सही तं मारून द्या", तुम्ही तारीख न टाकता सही मारता, आणि मग मागची तारीख टाकायला जागा मोकळी. सही करा, पण सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हातानं टाका. एवढ्या एका सवयीनं सचिव सरळ होतो, मी पाहिलेलं आहे, कारण उद्या तक्रार झाली तर नोटीस बुक आधी तपासलं जातं.

अजेंड्यावर पहिला विषय ठरलेला असतो, मागील सभेचे कार्यवृत्त वाचून कायम करणे. हा विषय "वाचला, कायम" म्हणून अर्ध्या मिनिटात उरकतात आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर नेमकं इथंच पडलेलं आहे. मागच्या सभेत प्रोसिडिंग बुकात काय लिहिलं गेलं ते तुम्हाला पहिल्यांदा आणि शेवटचं ऐकू येण्याची ही जागा. म्हणा की पूर्ण वाचून दाखवा. सचिव म्हणेल वेळ नाही, तुम्ही म्हणा आम्हाला आहे. जो ठराव झालाच नव्हता तो वाचनात आला की तिथंच म्हणायचं, हा विषय सभेत झाला नाही, आमचा विरोध लिहून घ्या. विरोध लिहिला नाही तर दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज, आवक रजिस्टरला नोंद, पोच घ्यायची. तोंडी विरोधाला पंचायतीत काही किंमत नाही, तुम्ही तिथं टेबल बडवून आला तरी कागदावर "सर्वानुमते मंजूर" असंच येतं.

आता सह्या कशा आल्या ते सांगतो, कारण तुम्हाला वाटतं कोणी खोट्या केल्या. बहुतेक वेळा सह्या खऱ्याच असतात. सभा सुरू होताना प्रोसिडिंग बुकाच्या कोऱ्या पानावर हजर सदस्यांची नावं आणि सह्या घेतात, ती हजेरी असते. ठराव खाली लिहायचे असतात, ते सचिव घरी जाऊन, कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं निवांत लिहितो, आणि मग हजेरीच्या सह्या ठरावाच्या सह्या वाटायला लागतात. त्यात शेवटचा विषय असतो "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय". राजेहो, अर्धी पंचायत या एका ओळीत चालते. ज्या विषयाची चर्चा नको असते तो अजेंड्यावर येत नाही, तो ऐनवेळी येतो, म्हणजे लोक उठून चहा घ्यायला गेल्यावर येतो. म्हणून सभा संपताना एक करा, शेवटच्या ठरावाचा नंबर विचारा आणि तो स्वतःच्या डायरीत त्या दिवशीच्या तारखेसोबत लिहून ठेवा. नंतर बुकात त्या तारखेला त्याच्या पुढचे दोन ठराव जास्तीचे दिसले की तुमच्याकडं बोट ठेवायला जागा आहे. आणि हजेरीच्या सहीखाली आडवी रेघ ओढायला लावा, सचिवाला राग येतो पण रेघ ओढतो.

सभेवर बहिष्कार टाकायची लई हौस असते आपल्याकडं. 6 महिने सलग परवानगीशिवाय गैरहजर राहिलात तर सदस्यपद जाऊ शकतं हे एक, आणि दुसरं म्हणजे कोरमला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, निम्मे सदस्य लागतात, ते त्यांचे 5 आहेतच, म्हणजे तुमच्या बहिष्कारानं त्यांचं काम आणखी सोपं होतं.

"फंड नाही" याच्याकडं येतो. हे वाक्य अर्धं खरं असतं म्हणून ते खपतं. पंचायतीचा पैसा म्हणजे एकच गल्ला नाही. एक ग्रामनिधी, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, बाजाराचा लिलाव, असेल तिथं गाळ्यांचं भाडं, कांजीहाऊस. दुसरा वित्त आयोगाचा. आणि तिसरी जी कामं गावात होतात पण ज्यांचा पैसा पंचायतीचा नसतोच, आमदाराचं 2515 (ग्रामविकासाचा निधी), जनसुविधा, दलित वस्ती, आदिवासी गावात ठक्कर बाप्पा योजना, ती वरून मंजूर होऊन येतात आणि कितीदा तरी ठेकेदारही मंजुरीसोबतच आलेला असतो, खरं सांगायचं तर तिथं पंचायतीच्या ठरावाला नैवेद्यापुरती जागा असते. त्यामुळं नाली दिसली की पहिला प्रश्न "कोणी केली" हा नाही विचारायचा, "हेड कोणता", म्हणजे पैसा कोणत्या निधीतला, हा विचारायचा. हेड कळला की कुठं कागद मागायचा ते कळतं.

ग्रामनिधीचं एक गणित करून पाहू म्हणजे सचिव रडतो ते काऊन ते समजेल. धरा गावात 500 घरं, सरासरी घरपट्टी 600 रुपये, मागणी झाली 3 लाख. वसुली निम्मी झाली, दीड लाख. त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी म्हणजे 22,500, 10 टक्के महिला व बालकल्याण म्हणजे 15,000, 5 टक्के दिव्यांगांसाठी म्हणजे 7,500 राखून ठेवायचे. उरले 1 लाख 5 हजार, त्यात चपराशी, पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा पंचायतीचा हिस्सा, स्टेशनरी, मोटर जळली तर रिवाइंडिंग, ब्लिचिंग पावडर. खरंच काही उरत नाही. पण तुम्ही त्या 3 राखीव टक्केवाऱ्या विचारा, कारण तो खर्च दरवर्षी व्हायचा असतो आणि गावातल्या दिव्यांग माणसाला ते 5 टक्के कधी मिळाले का हे दोन मिनिटांत कळतं. हा प्रश्न विचारला की सभेत एकदम शांतता होते, त्याला पॅनल नसतं. आणि वसुली निम्मी का, तर सगळ्यात मोठे थकबाकीदार बरेचदा पुढाऱ्यांच्याच घरातले, थकबाकीची यादी सभेत मागा.

वित्त आयोगाचा पैसा वेगळा. 14 व्या आयोगात 2015 ते 2020 सगळा ग्रामपंचायतीला थेट यायचा, 15 व्यात, म्हणजे 2020-21 ते 2025-26, आपल्या राज्यात 80 टक्के ग्रामपंचायत, 10 पंचायत समिती, 10 जिल्हा परिषद. त्यातही 2021-22 पासून 60 टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छता यावरच, 40 टक्के अबंधित. पुढं टक्के बदलतात, पण पैसा गावाच्या मंजूर विकास आराखड्यातल्या कामावरच जातो ही पद्धत तीच राहते. त्यामुळं लोक सिमेंट रोड मागतात आणि सचिव "फंड नाही" म्हणतो तेव्हा कधी कधी खात्यात 6 लाख असतात पण ते बंधित असतात, नालीला चालतात, रोडला नाही. तो हे समजावून सांगत नाही कारण समजावलं की तुम्ही पुढचा प्रश्न विचाराल.

आता एक आतली गोष्ट. वित्त आयोगाचं पेमेंट चेकनं होत नाही, ऑनलाइन होतं, सचिव आणि सरपंच दोघांची डिजिटल सही लागते. ती सही म्हणजे पेनड्राइव्हसारखा एक टोकन. मी तपासणीला गेलो की पहिले ऑपरेटरचा ड्रॉवर उघडायला लावायचो. एका गावात दोन्ही टोकन एकाच रबरबँडमध्ये, आणि सोबत चिठ्ठीवर दोन्ही पिन लिहिलेले, सरपंचबाईंना विचारलं तर त्यांना टोकन म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, सगळा कारभार "आमचे मिस्टर पाहतात". सरपंचाच्या नातेवाइकानं कारभारात बसू नये अशी शासनाची परिपत्रकं आहेत, 2011 पासून 50 टक्के जागा बायांच्या आहेत, आणि तरी खुर्चीवर मिस्टर. तुमच्या गावात असं असेल तर त्या बाईंवर चढू नका, त्या टोकनचा विषय सभेत काढा, तो कोणाच्या ताब्यात असतो याची नोंद घ्यायला लावा.

आणि हे सगळं पाहायला सचिवाचे पाय धरायची गरज नाही. ई-ग्रामस्वराज वेबसाइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की मंजूर आराखडा आणि झालेली पेमेंट दिसतात, मोबाइलवर. कामाचं नाव, रक्कम लिहून घ्या आणि मग टेप घेऊन जागेवर जा. प्रत्येक कामाला अंदाजपत्रक असतं, त्याला जिल्हा परिषदेच्या इंजिनिअरची तांत्रिक मान्यता असते, काम झाल्यावर मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, लांबी-रुंदी-जाडी लिहितात आणि त्यावर बिल निघतं. अंदाजपत्रकात नाली 60 मीटर असेल आणि टेपवर 48 भरली तर भाषण करायची गरजच नाही, दोन्ही आकडे अर्जात लिहून गटविकास अधिकाऱ्याकडं द्या. जाडी मोजायची तर काम चालू असताना मोजा, नंतर फोडून कोण दाखवणार.

ग्रामसभेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्यासारख्या बरोबरीत अडकलेल्या सदस्याचा खरा आधार तोच. वर्षात किमान 4 घ्यायच्याच असतात, 7 दिवस आधी नोटीस, आणि ग्रामसभेआधी महिलांची सभा वेगळी. कोरम मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल ते. आपल्याकडं 15 ऑगस्टला झेंडावंदन झालं की चहा-बिस्किटावर 30 लोक थांबतात, कोरम नाही म्हणून सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही, मग 12 लोकांत सगळं मंजूर. पण एक मेख आहे, तहकूब सभेत नवीन विषय घेता येत नाही, मूळ नोटिशीवर होते तेवढेच. लाभार्थ्यांच्या निवडीचे वाद इथंच होतात, घरकुलाची यादी वाचली नाही आणि मंजूर केली, तर मूळ अजेंड्यावर तो विषय होता का ते आधी पाहा. आणि ग्रामसभा घेतलीच नाही तर सरपंच पदावर राहायला अपात्र ठरू शकतो, सचिवावरही कारवाई होऊ शकते, म्हणून कागदावर ती झालेली असतेच असते. हजेरी बुकात मेलेल्या माणसाची सही सापडली होती एकदा, म्हातारा जाऊन वर्ष झालं होतं.

खरी ग्रामसभा पाहायची तर पूर्व विदर्भात जा. गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा), "दिल्ली मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. 2009 मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे 1800 हेक्टर जंगलावर, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक पासाचं पुस्तकही ग्रामसभेच्या हातात आलं. तिकडं पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभेला जास्तीचे अधिकार देणारा कायदा आहे, तेंदूपानाचा लिलावही ग्रामसभा करते. आपल्याकडं पेसा नाही अशा गावांत ग्रामसभेला एवढं बळ नाही, पण सुरुवातीला त्यांच्याकडंही पैसा नव्हता, बसून बोलायची सवय होती.

तक्रार करायला निघण्याआधी स्वतःचं अंगण झाडून घ्या, हे मी प्रत्येक सदस्याला सांगत आलो. घरपट्टीचं मागणी बिल मिळाल्यापासून 3 महिन्यांत भरलं नाही तर अपात्रता. 12 सप्टेंबर 2001 नंतर जन्मलेल्या अपत्यामुळं अपत्यं दोनपेक्षा जास्त झाली तर अपात्रता. आणि आपल्याकडं सगळ्यात जास्त विकेट पडतात त्या अतिक्रमणात. वऱ्हाडात ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरान, जमिनीवर गोठा, कुडाची खोली, पांदण रस्त्यात नांगराचे दोन तास वाढवलेले, हे कोणाच्या घरी नाही? कलम 14 चं ते ज-3 लोकांना तोंडपाठ झालंय, तुम्ही पहिला अर्ज टाकला की दुसऱ्या दिवशी तुमच्या गोठ्याचे फोटो कलेक्टर ऑफिसला जातात. आणि अतिक्रमण वडिलांनी केलं, माझ्या नावावर नाही, हे चालत नाही, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच प्रकरणात सांगितलं की त्या अतिक्रमित घरात राहणारा सदस्यही अपात्र.

अजून एक, लोक तुमच्याकडं भलतीच कामं घेऊन येतील आणि तुम्ही "करून देतो" म्हणाल. सातबारा, फेरफार, शेताचा 8-अ हे तलाठ्याचं, म्हणजे महसूलचं, त्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पंचायतीकडं आहे तो नमुना 8, घराच्या कर आकारणीचा. दोघांनाही आपले लोक "आठ-अ" म्हणतात आणि मग दोन ऑफिसच्या चकरा मारतात. नमुना 8 वर नाव लागलं म्हणजे घर मालकीचं झालं असंही नाही, तो कर कोणी भरायचा त्याचा कागद आहे, भावाभावांच्या भांडणात सचिवावर दबाव टाकून नाव चढवायला लावू नका, ते प्रकरण फिरून तुमच्याच अंगावर येतं. पोलीस पाटील, कोतवाल हेही पंचायतीचे नोकर नाहीत.

सचिवाबद्दल दोन शब्द बोलतो, जातभाई म्हणून नाही. 2024 ला ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन्ही पदं एक करून ग्रामपंचायत अधिकारी केलं, पाटी बदलली, काम तेच. बहुतेकांकडं दोन-तीन गावं असतात, प्रत्येक योजनेचं ऑनलाइन, त्यात दर आठवड्याला तालुक्याला मीटिंग. तो चोर असेलच असं नाही, बहुतेक वेळा तो ज्याचा दबाव जास्त त्याचं लिहितो. सरपंचाचा फोन रोज येतो, तुमचा येत नाही. तुम्ही दर महिन्याला सभेच्या 8 दिवस आधी दोन विषय लेखी दिले, पोच घेतली, तर तिसऱ्या महिन्यापासून तो ते अजेंड्यावर घेतो, कारण नाही घेतले तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं. विषय द्यायचे ते असे नेमके द्या: "15 वा वित्त आयोग, बंधित निधीची शिल्लक व त्यातून घेतलेल्या कामांची माहिती सभेपुढे ठेवणे", किंवा "मागील लेखापरीक्षणातील आक्षेप वाचून दाखवणे". हा दुसरा विषय जरूर द्या. स्थानिक निधी लेखाचं ऑडिट होतं, त्यात कोणतं बिल पावतीशिवाय, कोणती वसुली भरणा न केलेली हे सरकारी माणसानंच लिहून ठेवलेलं असतं, तुम्हाला शोधायची गरजच नाही, आणि तो रिपोर्ट सदस्यांनी मागितलेला मी फार कमी पाहिला.

सभेत दिलं नाही तर माहितीचा अधिकार, जोडपत्र अ या नमुन्यात अर्ज, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, 30 दिवस, नाही मिळालं तर पंचायत समितीत पहिलं अपील. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, तसा अर्ज उडवायला सोपा असतो. अमुक कामाचं अंदाजपत्रक, एमबीची नक्कल, बिलाचं व्हाउचर, अमुक तारखेच्या सभेचं कार्यवृत्त, एवढंच. त्यातून गैरव्यवहार दिसला तर गटविकास अधिकारी, तिथं फाइल झोपली तर जिल्हा परिषदेचे सीईओ, आणि सरपंचाला पदावरून काढायचं कलम 39 चं प्रकरण विभागीय आयुक्तांकडं, म्हणजे तुमच्यासाठी अमरावती. या वाटेला वेळ लागतो, वर्ष सहज जातं, पण त्याला ना तीन-चतुर्थांश मतं लागतात ना तुमचे 5 जण फुटतील ही भीती. आणि ते 5 जण फुटणार नाहीत असं धरून चालू नका, उपसरपंचपदावर कोणाचा डोळा आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.